इटलीचे जनरल, मुक्काम पोस्ट वेल्हे

माझ्या बहिणीचा नवरा इटलीच्या सैन्यात जनरल होता. हे वाक्य मी नसरापूरच्या चौकात बोललो तर माणसं आधी माझ्या तोंडाचा वास घेतील, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

दाजींचं नाव रोहिदास. वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या कुशीत पाच-सहा घरांची वस्ती आहे. तिथं त्यांचं घर, भाताची खाचरं, दोन म्हशी आणि बऱ्याचशा शेळ्या. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीत अजून सगळे वेल्ह्याचंच तिकीट मागतात आणि कंडक्टरही निमूट देतो. माझी थोरली बहीण सखू, म्हणजे आमची अक्का, त्या वस्तीवर दिलेली. मी अमृत, नसरापुरात राहतो, टेम्पो चालवतो. मेव्हणा असल्यामुळं दाजींची चेष्टा करायचा मला हक्क आहे, आणि हक्काच्या बाबतीत मी फार जागरूक माणूस आहे.

दाजींच्या लष्करी कारकिर्दीची सुरुवात भोरच्या बाजारात झाली. ते बोकड विकायला गेले होते. भोरात बारा महिने कुठं ना कुठं शूटिंग चालू असतं. भोरकरांना त्याचं काही वाटत नाही. सगळा साज चढवलेला बादशहा चहाला आला तरी हॉटेलवाला त्याला जरा सरकून बसायला सांगतो. पण दाजी पडले डोंगरावरचे. ते बोकडाची दोरी धरून नदीकाठची लढाई बघत उभे राहिले.

दाजींची उंची अशी, की कुठल्याही दारात वाकूनच शिरावं. रंग गोरा, डोळे घारे आणि मिशी. मिशीचं वेगळं सांगायला हवं. तिच्या दोन्ही टोकांवर लिंबू राहतं असं अक्का म्हणते. मी ठेवून बघितलं आहे, फक्त डाव्या बाजूला राहतं.

शूटिंगवाल्या कुणीतरी ती मिशी हेरली आणि दाजींच्या हातात भाला दिला. आता बोकड कुठं ठेवायचा? तो तोफेला बांधला. तोफ थर्माकोलची. लढाईची आरोळी उठली तसा बोकड बिथरला आणि तोफेसकट बाजारपेठेतून पळत सुटला. त्याच्या मागं अख्खं सैन्य, दोन्ही बाजूंचं. त्या दिवशी लढाई काही झाली नाही, पण बोकड सापडला आणि दाजींची भरती पक्की झाली.

तिथून पुढं जिथं घोडे आणि धूर दिसेल तिथं दाजी. शूटिंगला लागणारी माणसं मीच टेम्पोत भरून नेत असे, म्हणून मला सगळं ठाऊक. सकाळी मावळे, दुपारी मोगल. एकदा तर त्यांनी मावळा म्हणून भाला फेकला आणि जेवण झाल्यावर मोगल म्हणून तोच छातीवर घेतला. पुढं कंपनी सरकारचे शिपाई झाले, मग हवालदार झाले, एका मालिकेत सुभेदारसुद्धा झाले. हुद्दा वाढत गेला, पण शेवट ठरलेला. दाजी मरायचे. घोड्यावरून पडून, बुरुजावरून पडून, आणि एकदा तर तलवार लागायच्या आधीच. मरण्यात त्यांचा हात धरणारा दोन तालुक्यांत नव्हता. आंबवड्याचा सावळाराम हा त्यांचा शूटिंगमधला जोडीदार. तो म्हणायचा, "आमी मरतो ते पैशासाठी. रोहिदास मरतो ते मनापास्नं."

अक्काला हे बिलकूल पसंत नव्हतं.

"दर म्हैन्याला माजं कुकू पुसताय तुमी," ती म्हणायची. "बाया इचारत्यात, सखूबाई, औंदाच्याला कितव्यांदा?"

मेलेले दाजी घरी आले, की ती त्यांना उंबऱ्याबाहेर उभं करायची, मीठ-मोहरी उतरून चुलीत टाकायची आणि मगच आत घ्यायची. पुढं पुढं तर ती संध्याकाळी मला फोन करायची, "आज जित्तं हायेत का मेलं? मेलं असलं तर मोहरी काडून ठिवते."

दाजींचे वडील गेनबा. त्यांना सगळे तात्या म्हणतात. नव्वदीला टेकलेले, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. मुलाची इतकी युद्धं झाली, पण तात्यांनी एकही बघितलं नव्हतं. कुणी चल म्हटलं की ते म्हणायचे, "लेकाला मरताना बगाया म्या कशाला येऊ? आदी म्या मरायचं आन त्यानं बगायचं. रीत हाय ती."

त्यांच्या या बोलण्यामागं आणखी एक गोष्ट होती. तात्यांचे वडील कोंडिबा दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर गेले होते. लढायला नव्हे, खेचरं हाकायला. डोंगरातला माणूस, जनावराच्या मनातलं ओळखणारा, साहेबानं बरोबर उचलला. दारूगोळा लादलेली खेचरं घेऊन ते इटलीतल्या कुठल्यातरी डोंगरावर चढत होते, ते तिथंच राहिले. तात्या तेव्हा करडांमागं पळण्याएवढे. बाप कसा दिसायचा हे त्यांना आठवत नाही. त्यांच्याकडं बापाची आठवण म्हणून एकच शब्द राहिला, इटली. वस्तीवर कुणाचा बैल दगावला, मोटार बंद पडली, वायरमन येतो म्हणून आला नाही, तरी तात्या म्हणणार, "गेला इटलीला."

दाजींची मुलगी प्रगती भोरला कॉलेजात जाते. तिनं एकदा मोबाईलवर वाचून आजोबांना समजावलं, की तेव्हा इटलीनं आधीच हत्यार टाकलं होतं आणि त्या डोंगरांवरून गोळ्या घालत होते ते जर्मन.

"डोंगर कुनाचा?" तात्यांनी विचारलं.

"इटलीचा."

"मग झालं तर."

गेल्या दिवाळीनंतर शेफालीचा फोन आला. शेफाली म्हणजे शूटिंगसाठी माणसं निवडणारी पुण्याची मॅडम. पोरगी गुणाची, पण एका दमात तीन फोनवर बोलते, त्यामुळं आपल्याशी कुठलं बोलली ते नंतर शोधावं लागतं. नवी मालिका निघाली होती. मराठा पलटण आफ्रिकेच्या डोंगरात इटलीशी लढते आणि शेवटी इटलीचा जनरल आपल्या फौजेसकट तिला शरण येतो. आफ्रिका म्हणून वेल्ह्याच्या पलीकडचं पठार ठरलं होतं. आमचे डोंगर उन्हानं एकदा करपले, की कुठल्याही खंडात चालतात.

जनरलच्या कामाला गोव्याहून एक गोरा आणला होता. त्यानं येताना हायवेला मिसळ खाल्ली, आवडली म्हणून वर आणखी तर्री मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी तो पोट धरून गोव्याला परत गेला. जनरलला बोलायचं काही नव्हतंच. डोंगर उतरून यायचं आणि शरण जायचं. दिग्दर्शक इंद्रजित सरांनी दाजींचा फोटो बघितला आणि म्हणाले, हे डोळे आणि ही मिशी असल्यावर दुसरं काय पाहिजे?

दाजी जनरल झाले! भाल्यापासून सुरुवात केलेला माणूस. मला खरं सांगायचं तर अभिमान वाटला, पण मेव्हण्यानं असं तोंडावर दाखवायचं नसतं. मी म्हटलं, "दाजी, आता तरी टेम्पोत पुढं बसा."

अक्काच्या लेखी मोठी गोष्ट वेगळीच होती. "शरन जातो आन जित्ता ऱ्हातो?" तिनं मला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. "मग असलं काम घ्यायला काय हुतं इतकी वर्सं?"

राहिले तात्या. त्यांना कोण सांगणार? दाजी मला म्हणाले, "अमृत, तूच सांग. तू पाव्हना हाईस, तुला काठी मारनार न्हाईत."

मी सांगितलं. तात्या अंथरुणावरून उठून बसले. "ज्या मुलखानं माजा बा गिळला, त्या मुलखाचा जनरल व्हनार ह्यो?"

"पन तात्या, त्यो शरन येतो."

"कोन?"

"इटलीचा जनरल. आपल्या पलटनीला. समद्या फौजेसकट."

तात्या बराच वेळ काठीनं जमिनीवर रेघा ओढत बसले. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुटं येतो?"

"हितंच. पल्याडच्या पठारावर."

"मग म्या येनार. इटली माज्या दारात शरन येती, आन म्या काय घरात बसून ऱ्हाऊ व्हय?"

त्या दिवसापासून म्हाताऱ्याला एकच ध्यास लागला. मरायच्या आधी इटली शरण आलेली आपल्या डोळ्यांनी बघायची.

दाजींनी तयारी सुरू केली. प्रगतीनं मोबाईलवर इटलीच्या जनरलांचे जुने व्हिडिओ दाखवले. ते छाती काढून, हनुवटी आभाळाकडं करून चालत. दाजी सकाळी शेळ्या चरायला नेताना तसे चालू लागले. शेळ्यांना आधी वाटलं धन्याची मान अवघडली. हनुवटी वर असल्यामुळं पायाखालचं दिसायचं नाही, त्यामुळं इटलीचा जनरल आठवड्यात दोनदा खाचरात पडला. तात्या ओसरीवरून हुकूम सोडायचे. "शरन येनारा मानूस असा ताठ चालतो का? पाय वढीत चल. वाईच लाज वाटू दे."

"तात्या, म्या जनरल हाय."

"इटलीचा हाईस."

शूटिंगची तारीख पौषात ठरली आणि पौषातच पुढं गेली. माघात तात्यांची छाती भरली. नसरापूरच्या दवाखान्यात नेलं, सलाईनं लावली, पण श्वास काही मोकळा होईना. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, घरी न्या, सगळ्यांना बोलावून घ्या. मीच टेम्पोतून हळूहळू वर आणलं. वस्ती गोळा झाली, सोयरे आले, सावळारामही आंबवड्याहून आला.

आता इथं एक अवघड जागा होती. बाप गेला की लेकानं डोकं उतरवायचं, मिशीही उतरवायची. आमच्याकडं यात मागंपुढं बघत नाहीत. आणि इंद्रजित सरांनी बजावून ठेवलं होतं, मिशी खरीच पाहिजे, चिकटवलेली कॅमेऱ्यात कळते. दाजी बापाच्या उशाशी बसून रडत होते. खरंच रडत होते, बापावर त्यांचा फार जीव. पण एका हातानं डोळे पुसत होते आणि दुसरा हात सारखा मिशीकडं जात होता. घरभर माणसं, सगळ्यांना ते दिसत होतं, आणि सगळे वाशांकडं बघत बसले होते.

इतक्यात तात्यांनी एक डोळा उघडला.

"मिशी सोड," ते म्हणाले. "म्या कुटं बी जात न्हाई. आदी इटली येऊ दे."

बायकांनी तोंडाला पदर लावले, ते रडू दाबायला की हसू, हे त्यांनाच ठाऊक. तात्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "पाव्हनं, त्या शूटिंगच्या पोरीला फोन लावा. म्हनावं, माजी तारीख तुज्या तारखेवर हाय."

मी अंगणात जाऊन फोन लावला. शेफाली म्हणाली, "काका, पुढच्या आठवड्यात नक्की. म्हणजे तसं नक्की नाही." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मॅडम, हितं मानूस जायला निघालाय. त्यानं थांबायचं का जायचं ते सांगा." ती गप्प झाली. तिन्ही फोनवर गप्प झाली असावी. मग हळूच म्हणाली, "थांबायला सांगा ना, काका."

तात्या थांबले. दोन दिवसांनी पेज मागितली, आठवड्यानं भाकरीचा पापुद्रा. शिमगा झाला, पाडवा झाला. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "तारीक?" आणि रोज मी फोनवरून, नाहीतर प्रगती काहीतरी थाप मारायचो. त्या दिवसांत मी शेफालीला जे बोललो ते मी इथं लिहीत नाही. शेवटी चैत्र संपता संपता फोन आला, उद्या सकाळी या.

टेम्पोत पेंढा पसरून त्यावर वाकळा घातल्या, त्यावर तात्या. स्वच्छ धोतर, लाल पागोटं, हातात काठी. शेजारी अक्का, मांडीवर भाकरीचं गठुडं. पठारावर तंबू ठोकले होते, कुठल्या कुठल्या देशांचे झेंडे लावले होते, आणि टायर जाळून धूर केला होता. एका बाजूला भारतीय पलटण उभी होती, म्हणजे आंबवड्याची आणि शिवऱ्याची आमचीच माणसं, डोक्यावर लोखंडी टोप घातलेली. सावळाराम पहिल्या रांगेत. त्यांच्या पुढं सुभेदाराच्या वेशात मुंबईचा हिरो.

आणि तंबूतून दाजी बाहेर आले. अंगात खाकी कोट, छातीवर पदकं, कमरेला पिस्तूल, पायात गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर उंच टोपी. मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. तात्यांनी मुलाला वरपासून खालपर्यंत बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. म्हणाले, "वरची गुंडी लाव."

मी तात्यांना टेम्पोच्या सावलीत खुर्चीवर बसवलं. समोर सगळं स्पष्ट दिसत होतं. इंद्रजित सर ओरडले आणि प्रसंग सुरू झाला.

दाजी उतारावरून खाली येऊ लागले. मागं हात वर केलेली त्यांची फौज. दाजी काय चालले म्हणून सांगू! छाती पुढं, हनुवटी वर, आणि तरी चेहऱ्यावर असं काही, की हा माणूस हरलाय हे पोरालाही कळावं. हिरोसमोर येऊन थांबले. पट्टा सोडला, पिस्तूल दिलं. आणि मग त्यांनी टोपी काढून हिरोच्या हातात दिली.

टोपीचं दाजींना आधी सांगितलेलं होतं. त्यातच त्यांचं मन अडकलं होतं, पण त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. आमच्याकडची जुनी माणसं चारचौघांत उघड्या डोक्यानं उभी राहत नाहीत. बाप गेल्यावर लेक बोडका होतो, आणि मग सुतक फिटताना सोयऱ्यांनी टोपी घातली की पुन्हा डोकं झाकतो. मोठा माणूस असा बोडका दिसला, की बघणाऱ्याच्या मनात दुसरं काही येतच नाही.

दाजींची टोपी निघाली मात्र, पहिल्या रांगेतला सावळाराम दचकला. त्याला तात्यांच्या दुखण्याचं ठाऊक, आणि टेम्पोच्या सावलीतली खुर्ची त्याच्या जागेवरून दिसत नव्हती. "आरं द्येवा, तात्या गेलं!" असं म्हणून त्यानं आपला लोखंडी टोप काढून काखेत धरला. शेजारच्यानं त्याचं बघून काढला. मग त्याच्या शेजारच्यानं. बघता बघता जिंकलेली अख्खी मराठा पलटण बोडकी होऊन, माना खाली घालून उभी राहिली. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदकाही दिला.

"कट! कट!" इंद्रजित सर किंचाळले. "जिंकलोय आपण! टोप्या कशाला काढताय?"

तोवर तात्या खुर्चीतून उठले होते. चार पावलं चालायला ज्यांना दोन माणसं लागत, ते काठी टेकत एकटे तरातरा कॅमेऱ्याच्या पुढून निघाले. त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही. हिरोच्या हातातली टोपी त्यांनी ओढून घेतली आणि इटलीच्या जनरलच्या डोक्यावर दाबून बसवली.

"म्या जित्ता हाय अजून!" तात्या ओरडले. "बाप म्होरं बसलाय आन लेक बोडका उबा ऱ्हातो?" मग पलटणीकडं वळून म्हणाले, "आन तुमी रं? घाला टोप्या!"

पलटणीनं घाईघाईनं टोप घातले. सावळारामाचा उलटा बसला.

हसण्याची लाट ओसरल्यावर खरी पंचाईत कळली. सरांना तो प्रसंग पुन्हा घ्यायचा होता आणि दाजी हलायला तयार नव्हते. "सर, तात्यांच्या म्होरं न्हाई जमायचं," एवढंच ते म्हणाले.

"अहो, टोपी तर काढायची. एक क्षण."

"न्हाई जमायचं, सर."

सर माणूस म्हणून वाईट नव्हते, पण ऊन चाललं होतं. त्यांनी शेफालीकडं बघितलं. शेफालीनं खाली मान घालून शिवऱ्याच्या एका उंच गड्याला पुढं बोलावलं आणि मेकअपवाल्याकडं मिशी मागितली. दाजींनी काही तक्रार केली नाही. कोटाच्या गुंड्या सोडायला लागले. मी मात्र पेटलो. म्हटलं, "इतकं म्हैनं म्हातारा जीव धरून बसलाय ह्याच्यापायी, आन तुमी चिकटवलेली मिशी लावताय?" अक्का माझा हात ओढत म्हणाली, "ऱ्हाऊ दे, अमृत. घरी जाऊ. लई झालं जनरलपन."

तात्या मुलाच्या बोटांकडं बघत होते. एक गुंडी सुटली, दुसरी सुटली. त्यांनी मला विचारलं, "पाव्हनं, ह्यो नसला तर इटली शरन यायची न्हाई का?"

"यील की. पन दुसरा कोनतरी जनरल यील."

"आन ह्यो?"

"ह्यो परत मराया मोकळा."

तात्यांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली. मग माझा हात धरला आणि म्हणाले, "चला." मला वाटलं घरी. पण त्यांनी मला टेम्पोला वळसा घालायला लावला, खुर्ची पलीकडं आणायला लावली, आणि शूटिंगकडं पाठ करून, दरीकडं तोंड करून बसले. तिथून मोठ्यानं हाक मारली.

"रोहिदास! म्या बगत न्हाई. काड टोपी!"

मी म्हटलं, "तात्या, आवो ह्याच्यासाटीच तर थांबलाय तुमी."

"व्हय," तात्या म्हणाले. "पन लेकाचं काम हाय. तुमी बगा आन मला सांगा."

पलीकडं पुन्हा आरोळी झाली. मी टेम्पोच्या कडेला असा उभा राहिलो, की एका बाजूला दाजी दिसावेत आणि दुसऱ्या बाजूला तात्या. तात्यांनी दरीकडं तोंड असूनही डोळे गच्च मिटून घेतले होते.

"उतरत्यात," मी म्हटलं.

"पाय वढतोय का?"

"न्हाई. छाती काडून."

"ऐकनार न्हाई कदी. मग?"

"थांबलं. पट्टा सोडला. पिस्तूल दिलं."

"आन?"

"टोपी काडली."

"आपल्या लोकांनी?"

"घट्ट घालून हायेत. सावळाराम दात आवळून उबा हाय." मग माझाही आवाज जरा चढला. "आला, तात्या! इटलीचा जनरल आला शरन. फौजेसकट."

खाली दरीत कुणाच्यातरी म्हशींच्या घंटा वाजत होत्या. मग तात्यांनी विचारलं, "मानसं किती मेली?"

मी वळून बघितलं. सर हात वर करून हसत होते. धुराच्या कडेनं पडलेले सगळे मुडदे कपडे झटकत उठले होते.

"एक बी न्हाई, तात्या. समदी उठून च्याला चालल्यात. त्यांची आन आपली, एकाच किटलीवर."

"तवा बी असंच करायचं हुतं की रं," तात्या म्हणाले.

मला ते कायम पाव्हनं म्हणतात, 'रं' कधीच नाही, म्हणून हे मला नव्हतं, कोंडिबांच्या लढाईतल्या माणसांना होतं. थोड्या वेळानं त्यांनी पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले, काठी चाचपली आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले.

"त्याला म्हनावं टोपी घाल," ते म्हणाले. "म्या वळतोय."